कुली शब्दाचा जाहीर निषेध

रश्मी नंदागवळी सातवीत होती तेव्हाची, म्हणजे १९९९ सालची गोष्ट. गोंदियातल्या तिच्या शाळेत वर्गशिक्षक एकेकाला उभं करून वडील काय करतात ते विचारत होते. कोणी शेती सांगितली, कोणी राइस मिल, कोणी किराणा. रश्मी उभी राहिली आणि म्हणाली, "कुली." वर्ग हसला. गुरुजी मनाने चांगले होते. त्यांनी तिला जवळ बोलावून हळूच सुचवलं, "रेल्वेत आहेत, एवढंच सांगत जा ना बेटा."

घरी आल्यावर तिने हे वडिलांना सांगितलं. रत्नपाल लाल शर्ट दोरीवर टाकत होते. म्हणाले, "तसं नोको सांगू. रेल्वेत हाय म्हटलं का लोक पोट्ट्याले नोकरी लावून द्या म्हणतेत. कुली म्हटलं का कोणी काई मागत नाई."

रत्नपाल मूळचे जवळच्या कामठा गावचे. तिथली शेती भावांच्या नावे सोडून ते तरुणपणीच गोंदिया स्टेशनावर आले आणि दंडावर पितळी बिल्ला बांधून ओझी वाहू लागले. स्टेशन जंक्शनचं. बालाघाटकडून लोक यायचे, छत्तीसगडकडून यायचे, लग्नसराईत तर ट्रंका आणि गाद्या यायच्या. घरात बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती आणि रश्मीची पुस्तकं, एवढ्याच गोष्टींना रत्नपाल हात धुऊन शिवत. पोरगी इंग्रजीत हुशार निघाली. तिची आई ललिता शेजारपाजारच्या बायांना सांगे, "माही पोरगी इंग्रजीत बडबडते तं मले वाटते रेडिओच लागून राहिला."

बी.ए. झाल्यावर रश्मीने कॉलसेंटरच्या मुलाखती दिल्या. तेव्हा गावागावातून पोरं-पोरी कॉलसेंटरला जात होती, आणि ज्यांना जाता येत नव्हतं ते स्पोकन इंग्लिशचे क्लास काढत होते. रश्मीला पुण्यात नोकरी लागली. तिच्याबरोबर दुर्गेश्वरी कटरे ही तिची कॉलेजातली मैत्रीणही निवडली गेली. २००७च्या उन्हाळ्यात दोघी महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघाल्या. रत्नपालनी दोघींच्या बॅगा डोक्यावर घेऊन डब्यात ठेवल्या. दुर्गेश्वरीच्या वडिलांना त्याचा संकोच वाटला. ते म्हणाले, "राहू द्या, कुली करू आपण."

"मीच हाय ना," रत्नपाल म्हणाले.

पुण्यात आधी खोली शोधावी लागली. एका सभ्य बाईंनी दोघींना चहा दिला, खोली दाखवली, आणि आडनावं विचारली. "नंदागवळी म्हणजे दूधदुभत्याचा व्यवसाय का?"

"नाही काकू, आम्ही बौद्ध," रश्मी म्हणाली.

"अरे वा. म्हणजे ध्यान वगैरे करत असाल. शांत धर्म आहे." बाई फार गोड हसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या भाच्याला अचानक ती खोली लागली. बाईंच्या तोंडून एकही वाकडा शब्द गेला नव्हता, हे इथे नमूद केलं पाहिजे. पुढे कंपनीत रश्मीला वाकड्या शब्दांचं रीतसर शिक्षण मिळालं, तेव्हा तिला ह्या बाईंची बऱ्याचदा आठवण येई.

कंपनी इंग्लंडातल्या लोकांच्या बॉयलरच्या तक्रारी फोनवर ऐकत असे. तिकडे थंडी पडली की इकडे कामाला जोर. पहिल्या आठवड्यात ट्रेनरने सगळ्यांची नावं बदलली. रश्मीची रेचल झाली, दुर्गेश्वरीची डेझी. दुसऱ्या आठवड्यात त्याने शिव्यांचा तास घेतला.

ट्रेनर बंगलोरचा होता आणि हा विषय त्याच्या आवडीचा दिसला. त्याने सांगितलं की चिडलेलं गिऱ्हाईक तुम्हाला 'पाकी' म्हणेल. पाकिस्तानीचं ते छोटं रूप, पण साठ-सत्तरच्या दशकात तिकडच्या टवाळ पोरांनी त्याची शिवी केली आणि मग त्यात पाकिस्तानी, हिंदुस्थानी, बंगाली असा काही फरक ठेवला नाही. 'वॉग' म्हणतील, म्हणजे कुठलाही सावळा परका. त्या शब्दाची फोड करून अनेक जण मोठमोठे अर्थ सांगतात, ते सगळे मागाहून रचलेले आहेत. शब्द कुठून आला हे कोणालाच नक्की ठाऊक नाही. ऑस्ट्रेलियावाले आपल्या जेवणावरून 'करी चघळणारे' असं नाव ठेवतात. ह्या सगळ्यावर उत्तर एकच: मी तुमची अडचण समजू शकते सर, आपल्या बॉयलरचा क्रमांक सांगाल का.

वर्गात सगळ्यात जास्त खळबळ 'पाकी'ने उडवली. एक नागपूरचा मुलगा उठून म्हणाला, "सर, बाकी काहीही म्हणू द्या. पण पाकिस्तानी?" शिवी दिल्याचं दुःख त्याला फारसं नव्हतं. शिवी चुकीच्या पत्त्यावर आली, ह्याचं होतं.

ह्या सगळ्या तासात 'कुली' हा शब्द आलाच नाही. तो आपलाच शब्द, त्यात शिकवायचं काय, असं ट्रेनरला वाटलं असावं.

डिसेंबरात एका म्हाताऱ्याचा फोन आला. त्याचा बॉयलर बंद पडला होता आणि त्याआधी कंपनीने त्याला बराच वेळ संगीत ऐकवलं होतं. रेचलचा आवाज ऐकताच तो म्हणाला, तू इंग्लंडात नाहीस. रश्मी म्हणाली, नाही सर, मी भारतातून बोलते. म्हातारा भडकला. त्याचं लहानपण दक्षिण आफ्रिकेत, डर्बनला गेलं होतं. त्याच्या बापाच्या उसाच्या मळ्यात तुमच्यासारखे कुली असायचे, आणि आयुष्याच्या शेवटी आपल्या घराच्या गरम पाण्यासाठी कुलीशी बोलायची पाळी आपल्यावर येईल असं त्याला वाटलं नव्हतं, हे त्याने खणखणीत इंग्रजीत सुनावलं.

रश्मीने शांतपणे गैरसमज दूर केला. "नाही सर. कुली माझे वडील आहेत. मी कस्टमर सपोर्टमध्ये आहे."

"तुझे वडील कुली आहेत?" म्हाताऱ्याने विचारलं.

"हो सर. गोंदिया जंक्शनला. बिल्ला आहे त्यांच्याकडे."

त्याने बॉयलरचा क्रमांक सांगितला. रश्मीने कारागीर पाठवायची व्यवस्था केली आणि आणखी काही मदत करू का, असं शिकवल्याप्रमाणे विचारलं. म्हातारा म्हणाला, "नो. थँक यू." हे थँक यू त्याच्या तोंडून कसं निघालं, ह्याचं त्यालाही नवल वाटलं असेल.

कॉलची ध्वनिफीत इंग्लंडच्या ऑफिसात गेली. तिथून पत्र आलं की वांशिक अपमानाला इतक्या चतुराईने, इतक्या संयमाने उत्तर दिल्याचं उदाहरण त्यांच्या पाहण्यात नाही. रश्मीला प्रशस्तिपत्र, केक आणि टाळ्या मिळाल्या. कॉल सगळ्या मजल्यावर ऐकवला गेला. लोक हसत होते, तिच्या पाठीवर थाप मारत होते. रश्मीला कशाबद्दल ते कळेना. शेवटी तिने ट्रेनरला बाजूला घेऊन विचारलं, "सर, त्याने अपमान कधी केला?"

ट्रेनरने तिच्याकडे पाहिलं, आणि हिला बापाचं खरंच सांगायचं होतं हे त्याच्या लक्षात आलं. त्याने जाडा शब्दकोश आणून दिला. त्यात कुली ह्या शब्दापुढे लिहिलं होतं की हा बहुधा तमिळमधल्या मजुरी ह्या अर्थाच्या शब्दावरून आला, किंवा गुजरातकडच्या कोळी लोकांवरून आला. इंग्रजांनी तो जहाजातून मॉरिशसला, त्रिनिदादला, आफ्रिकेला नेला. आणि तिकडे तो भारतीयांसाठीची शिवी झाला. म्हणजे माल इथलाच. नेताना मजूर होता, परत आला तेव्हा शिवी होऊन आला.

तिने रात्रपाळी सुरू व्हायच्या आधी वडिलांना फोन केला.

"बाबा, कुली ही शिवी हाय म्हणे."

"कोण म्हणते?"

"इंग्लंडचे लोक."

"तिकडं स्टेशनावर सामान कोण उचलते मंग?"

"आपलं आपण उचलतेत."

"मंग शिवी देवाले तरी कुली कायले पायजे त्यायले?" रत्नपाल म्हणाले. नंतर थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुले वाईट वाटलं का?"

"तेव्हा नाई वाटलं. आता पाहून राहिली, वाटते का ते."

गोष्ट इथेच संपली असती. पण दुर्गेश्वरीने ती आपल्या मामाला सांगितली, आणि तिचे मामा मनिराम हे एका स्थानिक दैनिकाचे वार्ताहर होते. गोंदियातल्या नाल्या आणि भारनियमन ह्यांवर लिहून ते कंटाळले होते. दोन दिवसांत पहिल्या पानावर बातमी आली: 'गोंदियाच्या कन्येचा सातासमुद्रापार अपमान, इंग्रजाने म्हटले कुली.' आत लिहिलं होतं की सदर युवतीने इंग्रजास सडेतोड उत्तर देऊन त्याची बोलती बंद केली. बॉयलरचा उल्लेख नव्हता.

बातमी केशोरावांनी वाचली. केशोराव एका स्वाभिमान संघटनेचे अध्यक्ष होते. संघटना त्यांनीच काढली होती, आणि नगरपालिकेच्या निवडणुका जवळ आल्या की तिचा स्वाभिमान जागा होत असे. त्या वर्षी त्यांना चांगला विषय मिळत नव्हता. रश्मी सुट्टीवर घरी आली आहे हे कळताच ते चार कार्यकर्त्यांसह रत्नपालच्या घरी आले.

"बेटी, तू हमारी शान है," केशोराव म्हणाले. ते भावनेच्या भरात हिंदीत जात. "येत्या रविवारी स्टेशनसमोर जाहीर निषेध सभा. इंग्रजाचा पुतळा जाळू. तुझा सत्कार करू."

ललिताने सगळ्यांसाठी चहा आणला. केशोरावांनी हात जोडले. "नको ताई, आज माझा उपास हाय." कार्यकर्त्यांनाही लगेच उपास आठवला. थोड्या वेळाने रश्मी दूध आणायला कोपऱ्यावर गेली तेव्हा पाचही उपाशी तिथल्या टपरीवर चहाबरोबर आलूबोंडा खात होते. ती घरी येऊन आईला म्हणाली, "मले नाई जायचं सभेले."

"काऊन?" ललिता म्हणाली. "शाल देऊन राहिले तं घे. हिवाळा हाय."

पुतळा केशोरावांच्या राइस मिलमध्ये तयार झाला. भाताच्या तणसाचं अंग, त्यावर जुना कोट-पँट, तोंडाला चुना आणि डोक्यावर एका कार्यकर्त्याच्या साळ्याची हॅट. इंग्रजाचं नाव कोणालाच ठाऊक नसल्यामुळे छातीवर नुसतं 'इंग्रज' असं लिहिलं. पुतळा जरा जडच झाला. जयस्तंभ चौकातून स्टेशनपर्यंत तो मिरवत न्यायचा होता, आणि कार्यकर्त्यांपैकी कोणी खांदा द्यायला तयार होईना. तेव्हा केशोरावांना युक्ती सुचली. त्यांनी स्टेशनावरचे कुली बोलावले. ओझंही वाहिलं जाईल आणि सभेला गर्दीही दिसेल. रत्नपाल आणि त्यांचे सोबती लाल शर्ट घालून आले, त्यांनी मिळून पुतळा उचलला, आणि 'कुली शब्दाचा निषेध असो' अशा घोषणांच्या मागे मागे तो डोक्यावर घेऊन चालले. रस्त्यातल्या लोकांना हा मोर्चा नेमका कशाचा ते कळत नव्हतं. काहींनी पुतळ्याला नमस्कार केला.

सभेत लाल शर्टवाल्यांना पुढच्या रांगेत बसवलं, फोटोत उठून दिसतात म्हणून. रश्मीला मंचावर केशोरावांच्या शेजारची खुर्ची दिली. केशोराव माइकसमोर उभे राहिले.

"बंधू आणि भगिनींनो, आपल्या ह्या बेटीला इंग्रज काय म्हणाला? कुली म्हणाला. मी विचारतो, आमची बेटी काय कुली आहे? शिकलेली, सवरलेली, चार लोकांत उठबस करणारी पोरगी. अरे, कुली म्हणजे कोण? ज्याला अक्षर येत नाही तो कुली. ज्याला कोणी इज्जत देत नाही तो कुली. जो दुसऱ्याचं ओझं डोक्यावर घेऊन जनावरासारखा जगतो तो कुली. असल्या माणसाच्या पंक्तीत आमच्या बेटीला बसवता?"

मागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढची लाल रांग हलली नाही. मनिराम मंचाजवळ बसून लिहीत होते, त्यांचा पेन थांबला. मग कोणीतरी केशोरावांचा शर्ट मागून ओढला आणि त्यांच्या कानात काही सांगितलं. केशोरावांनी समोर पाहिलं. त्यांना जुनी सवय होती, ते गडबडले नाहीत. म्हणाले, "हे माझं म्हणणं नाही. हे इंग्रजाचं म्हणणं आहे. आपले कुलीबांधव तर देवमाणसं आहेत. आता आपली बेटी दोन शब्द बोलेल."

रश्मी उठली. माइक तिच्यासाठी उंच होता, कोणी तो खाली केला नाही. ती वडिलांकडे पाहत होती. रत्नपाल खाली मान घालून दंडावरचा बिल्ला सरळ करत बसले होते.

"फोनवर त्या म्हाताऱ्याने मला कुली म्हटलं," ती म्हणाली, "तेव्हा मला वाईट वाटलं नव्हतं. मला वाटलं, तो माझ्या बाबांच्या कामाबद्दल बोलतो. शिवी आहे हे मला शब्दकोशात पाहून समजलं. आज शब्दकोश पाहावा लागला नाही. आज वाईट वाटलं."

ती आणखी बोलणार होती, पण स्टेशनावर घोषणा झाली. हावड्याकडून गाडी येत होती. रत्नपाल उठले, फडकं झटकून डोक्याला गुंडाळलं आणि मंचाकडे पाहून म्हणाले, "साहेब, गाडी आली. आमी जाऊन राहिलो." त्यांच्यामागे लाल रांग उठली आणि रस्ता ओलांडून फलाटाकडे निघाली. पुढचा भाग रिकामा झाला तशी मागची माणसंही उठली, कारण काही बघायचं उरलं नव्हतं. रश्मीने शाल घेतली नाही. ती वडिलांच्या मागे स्टेशनात गेली.

पुतळा मंचापासून लांब ठेवला होता. तो उचलून जाळायच्या जागी आणायला माणसंच उरली नाहीत. कार्यकर्त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. इंग्रज संध्याकाळपर्यंत सायकल स्टँडच्या भिंतीला टेकून उभा होता. हॅटवाल्याने हॅट परत नेली. कोट कोणी नेला ते कळलं नाही.

सोमवारच्या दैनिकात मथळा होता: 'निषेध सभेत कुलीबांधवांचा संताप अनावर, इंग्रजाविरुद्ध घोषणा देत सभात्याग.' आणि खाली चौकटीत: '"वाईट वाटलं" — पीडित युवतीची खंत.' केशोराव निवडून आले.

रश्मीने ते कात्रण ठेवलं नाही. पुण्याला परतताना गाडीत दुर्गेश्वरी तिला पुन्हा पुन्हा सॉरी म्हणत होती. "मी मामाला सांगायलाच नको होतं."

"सांगितलं ते बरं केलं," रश्मी म्हणाली. "बाबांना कोण काय समजतं ते तरी कळलं."

पुढे दोन-तीन वर्षांत ती स्वतःच ट्रेनर झाली. तो बंगलोरवाला दुसऱ्या कंपनीत गेला आणि शिव्यांचा तास तिच्याकडे आला. तिने त्यात कुली घातला आणि म्हाताऱ्याचा कॉल ऐकवू लागली. पोरं हसायची, नंतर गप्प व्हायची. तास रंगायचा. ती नावाजलेली ट्रेनर झाली आणि, खरं सांगायचं तर, थोडी शहाणीही समजू लागली स्वतःला.

२०१०च्या एका तुकडीत थोइबी नावाची मणिपूरची मुलगी होती. 'पाकी'वर वर्ग नेहमीसारखा तापला. सगळ्यांचं बोलून झाल्यावर थोइबीने हात वर केला. "मॅम, चिंकी हा शब्द ह्या तासात येत नाही का? तोही इंग्रजीच आहे. चिनी लोकांसाठीची शिवी. मला तो इंग्लंडातून कोणी म्हटला नाही. इथे कँटीनमध्ये रोज म्हणतात."

वर्गातल्या एका मुलाने लगेच सांगितलं, "अगं, ते प्रेमाने म्हणतो आम्ही."

"डर्बनवालाही कदाचित प्रेमाने म्हणत असेल," थोइबी म्हणाली.

रश्मीने तो शब्द फळ्यावर लिहिला, आणि लिहिताना तिला स्वतःचा मोबाइल आठवला. तुकडीत मणिपूरच्या दोघी होत्या. नावं लवकर लक्षात राहत नाहीत म्हणून तिने मोबाइलमध्ये त्यांचे नंबर 'चिंकी १' आणि 'चिंकी २' असे टाकले होते. तास संपल्यावर तिने थोइबीला थांबवलं आणि मोबाइलच तिच्यापुढे धरला. थोइबीने दोन्ही नावं वाचली. तिचा चेहरा पडला.

"मी कितवी आहे?" तिने विचारलं.

"दुसरी."

थोइबीने तो मोबाइल हातात घेतला, आपलं नाव नीट टाइप केलं, मैत्रिणीचंही केलं, आणि परत दिला. मग म्हणाली, "आमच्याकडे तुम्हा सगळ्यांना मयांग म्हणतात. बाहेरचे लोक. माझी आई तो शब्द काही चांगल्या अर्थाने वापरत नाही." आणि जरा वेळाने, "मी तुम्हाला 'मयांग मॅडम' म्हणूनच सेव्ह केलं होतं."

दोघी कँटीनला गेल्या. तिथल्या पोऱ्याने रोजच्याप्रमाणे थोइबीला नूडल्स आणून दिल्या. तिने पोहे मागितले होते.

रत्नपालचे गुडघे हळूहळू कुरकुरू लागले. आधी चाकाच्या बॅगा आल्या, मग फलाटांना उताराचे रॅम्प आले, नंतर सरकता जिना येणार अशी बोलणी सुरू झाली. लोक आपलं आपण ओढत निघून जात. २०१६ साली सरकारने ठरवलं की आता कुली म्हणायचं नाही, सहायक म्हणायचं. रश्मी तेव्हा सुट्टीवर गोंदियालाच होती. तिने पेपरातली बातमी वाचून दाखवली. ललिता म्हणाली, "नाव बदललं ते बरं झालं. वजन काई कमी केलं का?"

दुसऱ्या दिवशी रश्मी वडिलांबरोबर फलाटावर गेली. रायपूरच्या गाडीतून एक सुशिक्षित जोडपं उतरलं. गृहस्थांनी पेपर वाचलेला दिसत होता. त्यांनी अतिशय अदबीने हाक मारली, "सहायकजी. ओ सहायकजी."

रत्नपाल मागे वळून बघू लागले, स्टेशन मास्तरला बोलावून राहिले का म्हणून. मागे कोणी नव्हतं. गृहस्थांनी पुन्हा हाक मारली. फलाटावरच्या लाल शर्टांपैकी एकानेही वळून पाहिलं नाही. तेवढ्यात त्यांच्या बायकोचा धीर सुटला आणि तिने आवाज चढवला, "कुली."

तिघे धावले. रत्नपाल गुडघ्यांमुळे मागे राहिले.